काट्यावरचा संगणक: अपग्रेडनंतर बंद पडण्याचा एक तपास

एरंडोलहून धरणगावकडे जाताना रस्त्याला लागून एक जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधणारा कारखाना, आहे. फाटकातून आत शिरलं की डाव्या हाताला वजनकाटा, काट्याला लागून छोटी केबिन आणि केबिनमध्ये एक असेंबल केलेला डेस्कटॉप. २०२५ च्या दिवाळीनंतर कापसाची आवक वाढू लागली, त्याच आठवड्यात या डेस्कटॉपवर विंडोज १० च्या जागी विंडोज ११ चढवलं गेलं आणि तेव्हापासून तो दिवसातून अनेकदा बंद पडू लागला. मी जळगावात संगणक दुरुस्ती आणि देखभालीचं काम करतो. प्रकरण माझ्याकडे आलं तोवर एका दुकानात रॅम बदलून झाली होती आणि पुढचा सल्ला ‘फॉरमॅट मारा’, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने घाला, असा मिळाला होता.

‘अपग्रेड केल्यापासून संगणक बंद पडतो’ ही तक्रार सध्या माझ्याकडे वरचेवर येते. ती एकच तक्रार आहे असं धरूनच बहुतेक ठिकाणी उपाय सुरू होतात. या संगणकाच्या बाबतीत ती एक नव्हती. तीन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने सांगितल्या जात होत्या आणि त्यांतली फक्त एक अपग्रेडशी बांधलेली होती. ती कशी सुटी केली, ते इथे क्रमाने लिहितो आहे.

आधी काट्याचं काम समजून घ्यायला हवं. शेतकरी कापसाची ट्रॉली घेऊन येतो, भरलेल्या गाडीचं वजन होतं, गाडी आत जाते, माल खाली होतो आणि तास-दोन तासांनी रिकामी गाडी परत काट्यावर येते. दोन वजनांतला फरक म्हणजे त्याचा कापूस. पहिलं वजन संगणकात नोंदलेलं असतं आणि दुसऱ्या वजनापर्यंत ते तिथे टिकायला हवं. मधल्या वेळात संगणक बंद पडला आणि चालू झाल्यावर ती नोंद फाइलीत सापडली नाही, तर माणसाच्या वर्षभराच्या पिकाचा हिशोब काट्यावर बसणाऱ्या मुलाच्या शब्दावर येऊन ठेपतो. मी पहिल्यांदा गेलो त्या दुपारी नेमकं हेच झालं होतं. मागे ट्रॅक्टरांची रांग लागलेली आणि पारोळ्याकडून आलेले एक नाना खिडकीशी उभे राहून विचारत होते, ‘आते काय करानं भाऊ?’ ते चिडलेले नव्हते, पण पावती हातात पडल्याशिवाय हलणारही नव्हते. त्यांचं बरोबरच होतं.

म्हणून संगणकाला हात लावण्याआधी कागदाची व्यवस्था केली. काट्याच्या इंडिकेटरवर वजन दिसतच असतं, संगणक ते फक्त नोंदवतो. तेव्हा प्रत्येक गाडीची दोन प्रतींची हातपावती, एक शेतकऱ्याकडे आणि एक केबिनमध्ये, असं ठरवलं. रोज संध्याकाळी वजनाच्या फाइलची प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची, हेही. तपासाला वेळ लागणार होता आणि तो शेतकऱ्याच्या खिशातून जाता कामा नये, असं मला वाटत होतं. शेठनाही ते पटलं.

यंत्र आणि अपग्रेड

डेस्कटॉप २०१९ चा. इंटेलचा आठव्या पिढीचा आय३ प्रोसेसर, ८ जीबी रॅम, २४० जीबीची एसएसडी. विंडोज ११ साठी आठव्या पिढीपासूनचे इंटेल प्रोसेसर चालतात, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) आणि सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त सही असलेलं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय) लागतं. म्हणजे हे यंत्र नियमात बसणारं होतं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. त्याच्या सूचना पडद्यावर येऊ लागल्यावर शेठचा भाचा, जो पुण्याला शिकतो, त्याने दिवाळीच्या सुट्टीत बायोसमध्ये, म्हणजे बोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, टीपीएम सुरू केलं, डिस्कच्या भागांची जुनी एमबीआर मांडणी नव्या जीपीटीमध्ये बदलली आणि चालू प्रणालीवरच नवी चढवली. सारी वजनांची फाइल, प्रिंटरची जोडणी, काट्याचं सॉफ्टवेअर जागच्या जागी राहिलं. त्या मुलाला नंतर बराच दोष मिळाला, पण मी सगळं तपासलं आणि त्याचं काम नीट होतं.

फक्त एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. चालू प्रणालीवरच नवी चढवली की प्रोग्रॅम आणि फाइलींबरोबर जुने ड्रायव्हरही (विंडोज आणि एकेका उपकरणाची गाठ घालून देणारे छोटे प्रोग्रॅम) नव्या घरात येतात. जो ड्रायव्हर चालणारच नाही हे विंडोजला आधीच ठाऊक आहे, तो अडवला जातो. बाकीचे मुकाट्याने आत येतात.

आणि घड्याळ चालू असतं. अपग्रेडनंतर जुनी प्रणाली ‘विंडोज.ओल्ड’ नावाच्या फोल्डरात राहते आणि मागे फिरण्याची सोय मुळात दहा दिवसांचीच असते. मी गेलो तेव्हा ती मुदत संपत आली होती. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘डिस्म’ या विंडोजच्या साधनाच्या ‘सेट-ओएसअनइन्स्टॉलविंडो’ या आज्ञेने ती साठ दिवसांपर्यंत वाढवता येते. ही आज्ञा मुदत संपायच्या आत द्यावी लागते. डिस्क क्लीनअप किंवा स्टोरेज सेन्सने ते फोल्डर पुसलं तर काही उपयोग नाही, म्हणून ते दोन्ही बंद ठेवले. मागे जायची वेळ येईल असं मला वाटत नव्हतं. मला त्या फोल्डरातल्या जुन्या नोंदी हव्या होत्या. फॉरमॅट मारला असता तर सगळ्यात आधी त्याच गेल्या असत्या.

‘काळी स्क्रीन येते’ म्हणजे नेमकं काय

काट्यावर बसणाऱ्या मुलाला विचारलं, बंद पडतो म्हणजे काय होतं? तो म्हणाला, ‘भाऊ, काळी स्क्रीन येते.’ इथे घोळ होता. इतकी वर्षं विंडोज कोसळली की निळा पडदा यायचा आणि वीज गेली की काळा. २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज ११ मधला कोसळण्याचा पडदा काळा करून टाकला, त्यावरचा उदास चेहरा आणि क्यूआर कोडही काढला. आता वर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी आणि खाली बारीक अक्षरांत स्टॉप कोड, म्हणजे कोसळण्याचं कारण सांगणारा संकेत, असतो. घाईत, उजेडाकडे तोंड असलेल्या जुन्या मॉनिटरवर, हा पडदा आणि वीज गेलेला पडदा यांत फरक कळत नाही. दुकानदारानेही ‘काळी स्क्रीन’ ऐकून हार्डवेअर धरलं आणि रॅम बदलली. त्याच्याजागी दुसरा कोणी असता तर त्यानेही कदाचित हेच केलं असतं.

मी मुलाला वही दिली. प्रत्येक वेळी तीनच गोष्टी लिहायच्या: वेळ, काळ्या पडद्यावर अक्षरं होती की नव्हती, आणि त्या क्षणी काट्यावर गाडी होती का. मुलगा हुशार निघाला. त्याने स्वतःहून चौथा रकाना पाडला: ‘लाइट हलली का’. या चौथ्या रकान्याने पुढे अर्धं काम केलं.

वहीच्या जोडीला संगणकाची स्वतःची वही असते, इव्हेंट व्ह्यूअर. संगणक नीट बंद न होता पुन्हा चालू झाला की सिस्टम लॉगमध्ये ‘कर्नल-पॉवर’ या नावाखाली ४१ क्रमांकाची नोंद पडते. ही नोंद पाहून पॉवर सप्लाय बदलणारे मी पाहिले आहेत, कारण तिच्या नावात ‘पॉवर’ आहे. पण ती फक्त एवढंच सांगते, की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद झालं नव्हतं. कारण शोधायचं तर त्या नोंदीचा ‘डिटेल्स’ टॅब उघडावा लागतो. तिथे ‘बगचेककोड’ नावाचा आकडा आणि ‘पॉवरबटनटाइमस्टॅम्प’ नावाचा दुसरा आकडा असतो. बगचेककोड शून्य नसेल तर विंडोज स्वतः कोसळली आहे आणि तो आकडा म्हणजे स्टॉप कोड, पण दशमान पद्धतीत लिहिलेला. बगचेककोड शून्य आणि बटणाचा आकडा शून्य नसेल, तर कुणीतरी पॉवर बटण दाबून धरलं आहे. दोन्ही शून्य असतील तर यंत्राला काही लिहून ठेवायलाही वेळ मिळाला नाही. वीज गेली, किंवा यंत्र जागच्या जागी गोठलं आणि रीसेट झालं.

सगळ्या ४१ च्या नोंदी एका कागदावर उतरवून मुलाच्या वहीशी जुळवल्या आणि त्यांचे तीन ढीग पडले. एकात बगचेककोड २०९. दुसऱ्यात दोन्ही शून्य. तिसऱ्या, लहान ढिगात बटणाचा आकडा. वहीतल्या ‘अक्षरं होती’ या खुणा जवळजवळ सगळ्या पहिल्या ढिगावर पडल्या आणि ‘लाइट हलली’ या खुणा दुसऱ्यावर. ‘संगणक बंद पडतो’ ही एक तक्रार त्या कागदावर तीन तक्रारी होऊन समोर आली.

रुईचं काय?

त्याआधी रुईचा विषय संपवायला हवा, कारण जिनिंगमध्ये जो येतो तो आधी तिच्याकडेच बोट दाखवतो. कॅबिनेट उघडलं तेव्हा प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या हीटसिंकवर रुईच्या तंतूंचा जाड थर बसला होता. पंखा फिरत होता, पण हवा पलीकडे जात नव्हती. एसएमपीएसच्या, म्हणजे पॉवर सप्लायच्या, जाळीचीही तीच गत. हे आगीचंही कारण ठरू शकतं, म्हणून साफसफाई लगेच केली. यंत्र बाहेर अंगणात नेऊन ब्लोअर मारला, पंख्याची पाती बोटाने धरून, कारण ती उलटी जोरात फिरली तर बोर्डाला धोका असतो. थर्मल पेस्ट बदलली. प्रोसेसरचं तापमान एकदम खाली आलं.

बंद पडणं मात्र तिन्ही प्रकारांनी तसंच चालू राहिलं. म्हणजे रुई दोषी नव्हती. हे मी मुद्दाम नोंदवतो, कारण त्याच दिवशी आणखी दोन गोष्टी बदलल्या असत्या तर पुढे काहीही सुधारलं तरी श्रेय रुईला गेलं असतं. त्यानंतर प्रत्येक बदल एकट्याने केला आणि त्याच्यानंतर निदान एक पूर्ण आवकीचा दिवस जाऊ दिला.

पहिला ढीग: २०९

दशमान २०९ म्हणजे षोडशमान डी१. या स्टॉप कोडचं लांबलचक नाव ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. अर्थ असा: एखादा ड्रायव्हर अशा तातडीच्या पातळीवर काम करत होता जिथे डिस्कवर गेलेली मेमरीची पानं, म्हणजे तिचे छोटे तुकडे, परत मागवता येत नाहीत, आणि त्याने नेमकं तसंच पान मागितलं. पान जागेवर असेल तर काही बिघडत नाही. नसेल तर विंडोजला थांबण्याशिवाय मार्ग राहत नाही.

अशा प्रत्येक वेळी विंडोज ‘मिनीडम्प’ फोल्डरात एक छोटी फाइल ठेवते. मायक्रोसॉफ्टचं विनडीबीजी हे साधन मोफत मिळतं. त्यात ती फाइल उघडून ‘अॅनलाइझ’ची आज्ञा दिली की संशयित ड्रायव्हरचं नाव समोर येतं. या नावावर डोळे झाकून विश्वास ठेवता येत नाही, कारण एका ड्रायव्हरने बिघडवलेल्या मेमरीत दुसराच पाय घसरून पडू शकतो. पण इथे प्रत्येक फाइलीत तेच नाव, तोच कोड आणि घटनांची तीच साखळी होती. रॅम खराब असती तर कोड दरवेळी वेगळे आले असते, नावंही वेगळी. रॅम बदलून फरक का पडला नव्हता ते इथेच उघड झालं. खात्रीसाठी रात्रभर मेमरी टेस्ट लावून ठेवली, ती निर्दोष निघाली.

नाव होतं यूएसबी-सीरियल कन्व्हर्टरच्या ड्रायव्हरचं. काट्याच्या इंडिकेटरमधून वजन आरएस-२३२ या जुन्या सीरियल पद्धतीने बाहेर येतं. आजच्या डेस्कटॉपला मागे तसं पोर्ट क्वचितच असतं, म्हणून मध्ये एक वायर लागते: एका टोकाला नऊ पिनांचं कनेक्टर, दुसऱ्या टोकाला यूएसबी. ही वायर काटा बसवणाऱ्याने बऱ्याच वर्षांपूर्वी दिलेली, सोबत एक सीडी. ड्रायव्हर विंडोज ७ च्या काळातला. विंडोज १० मध्ये तो तसाच चालत राहिला आणि तिथून अपग्रेडबरोबर ११ मध्ये आला.

विंडोज १० मध्ये तो का कोसळला नाही? माझी समजूत अशी: चूक ड्रायव्हरमध्ये पहिल्यापासून होती, पण तिथे ते पान बहुतेक वेळा मेमरीत हजर असायचं. नवी प्रणाली ८ जीबीतला अधिक भाग स्वतःकडे ठेवते, शिवाय केबिनमधल्या ब्राउझरमध्ये कापसाचे भाव, ई-वे बिलाचं पान आणि व्हॉट्सअॅप कायम उघडं असतं. पानं वरचेवर डिस्कवर जाऊ लागली आणि झाकलेली चूक उघडी पडली. काट्यावर गाडी असतानाच हे का व्हायचं याचंही उत्तर यात आहे, कारण ड्रायव्हर तेव्हाच खरं काम करतो.

अंदाजाला पुरावा हवा होता. विंडोजमध्ये ‘व्हेरिफायर’ नावाचं साधन आहे. ते निवडलेल्या ड्रायव्हरवर मुद्दाम दडपण आणतं: त्याची पानं मुद्दाम बाहेर काढतं आणि चुकीच्या पातळीवर तो ती मागतो का ते पाहतं. काम संपल्यावर रात्री, आधी सगळ्या डिस्कची प्रतिमा बाहेरच्या हार्ड डिस्कवर घेऊन, फक्त या एकाच ड्रायव्हरवर व्हेरिफायर लावला आणि रिकाम्या काट्यावर माणसं उभी करून वजनं घ्यायला सुरुवात केली. थोड्याच वेळात तोच काळा पडदा, तोच डी१. व्हेरिफायर लावण्याआधी बाहेर पडण्याची वाट ठाऊक असायला हवी. यंत्र चालू होतानाच कोसळत राहिलं तर सेफ मोडमध्ये जाऊन ‘व्हेरिफायर रीसेट’ करावं लागतं. सगळ्या ड्रायव्हरांवर एकदम तो लावू नये. यंत्र रांगायला लागतं आणि मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे ड्रायव्हर तपासण्यात रात्र जाते.

फॉरमॅटचा सल्ला इथे किती महागात पडला असता बघा. मिनीडम्प गेल्या असत्या, जुन्या नोंदी गेल्या असत्या आणि कोरी विंडोज घातल्यावर काट्याचं सॉफ्टवेअर बसवणाऱ्याने तीच सीडी काढून तोच ड्रायव्हर परत घातला असता.

उपाय करताना नवा कन्व्हर्टर घेण्याचं आधी ठरत होतं. पण बोर्डाची पुस्तिका पाहिली तेव्हा एका कोपऱ्यात ‘कॉम१’ लिहिलेला नऊ पिनांचा हेडर, म्हणजे सीरियल पोर्ट जोडायची जागा, दिसला. त्या काळातल्या कितीतरी स्वस्त बोर्डांवर तो असतो आणि कुणी वापरत नाही. त्याला लावायची पट्टी, म्हणजे एका टोकाला हेडरचं सॉकेट आणि दुसऱ्याला मागच्या बाजूला बसणारं नऊ पिनांचं पोर्ट, अगदी थोड्या पैशात मिळते. या पट्ट्या दोन वेगळ्या जोडण्यांत येतात. चुकीची लावली तर वजनाऐवजी काहीच येत नाही, म्हणून पुस्तिकेतली आकृती समोर ठेवूनच घ्यावी. पट्टी बसवली, बायोसमध्ये सीरियल पोर्ट सुरू केलं आणि काट्याची वायर सरळ त्यात गेली. कन्व्हर्टरही नको आणि त्याचा ड्रायव्हरही नको, कारण विंडोजचा स्वतःचा सीरियल ड्रायव्हर पुरतो. जुना ड्रायव्हर ‘पीएनपीयूटिल’ या आज्ञेने विंडोजच्या ड्रायव्हर स्टोअरमधूनच, म्हणजे साठ्यातूनच, काढून टाकला, नाहीतर कुणी ती वायर पुन्हा खोचली की तो परत उभा राहिला असता. वायरही शेठकडे मागून घेतली.

त्यानंतर २०९ ची एकही नोंद आली नाही.

दुसरा ढीग: दोन्ही शून्य

शेठनी विचारलं, ‘भाऊ, ड्रायव्हर काढला ना, मग परत कसा बंद पडला?’ प्रश्न रास्त होता. पण दुसरा ढीग पहिल्यापासूनच वेगळा होता आणि त्याच्यावर अजून कुणी काम केलेलंच नव्हतं.

इथे मुलाचा चौथा रकाना कामी आला. दोन्ही शून्य असलेली जवळजवळ प्रत्येक नोंद ‘लाइट हलली’ या खुणेशी जुळत होती. प्रेसवरच्या मिस्त्रीकडे मोटरा चालू-बंद करण्याच्या वेळा पाटीवर लिहिलेल्या असतात. त्या शेजारी ठेवल्या. हायड्रॉलिक प्रेसची मोटर सुरू होते, केबिनमधली ट्यूबलाइट मिचकते आणि संगणक जातो. मोठी मोटर सरळ लाइनवर सुरू केली तर सुरुवातीला पूर्ण भाराच्या पाच ते सातपट करंट ओढते आणि तेवढ्या क्षणापुरता व्होल्टेज खाली बसतो. यूपीएसने, म्हणजे वीज गेली तर बॅटरीवर संगणक चालू ठेवणाऱ्या डब्याने, तो क्षण सांभाळायचा असतो. यूपीएसवर संगणक चालू असताना मी यूपीएसचा भिंतीतला प्लग काढून पाहिला. संगणक लगेच गेला. बॅटरी मेलेली होती आणि ते कुणाला कळलं नव्हतं, कारण यूपीएसचा हिरवा दिवा लागतच होता.

मग अपग्रेडनंतरच हे का सुरू झालं? विंडोज.ओल्डमधला जुना सिस्टम लॉग याच प्रश्नासाठी जपला होता. तो उघडल्यावर मागच्या हिवाळ्यातल्या, म्हणजे मागच्या हंगामातल्या, ४१ च्या नोंदी सापडल्या. दोन्ही शून्य, तुरळक, आणि फक्त हंगामाच्या महिन्यांतल्या. उन्हाळ्यात एकही नाही. म्हणजे हा आजार विंडोज १० च्या काळातलाच होता. बॅटरी थकत गेली, उन्हाळाभर प्रेस बंद असल्याने काही जाणवलं नाही, आणि नवा हंगाम ज्या आठवड्यात सुरू झाला त्याच आठवड्यात विंडोजही नवी आली. दोन्ही एकाच दारातून आत आल्यामुळे दोष एकट्या विंडोजवर गेला. जुन्या लॉगमध्ये २०९ मात्र एकदाही नव्हता, त्यामुळे पहिल्या ढिगाचा अपग्रेडशी असलेला संबंध उलट पक्का झाला.

बॅटरी बदलली. जिनिंगच्या इलेक्ट्रिशियनने पाहिलं तेव्हा केबिन प्रेसच्या जवळच्या बोर्डावरून, बऱ्याच लांब आणि बारीक वायरीने घेतलेली निघाली. ती ऑफिसच्या वेगळ्या लाइनवर नेली. सॉकेटमधली अर्थिंगची वायर सैल होती, तीही घट्ट केली. हे काम खरं तर संगणकवाल्याचं नव्हे, पण ते झाल्याशिवाय दुसरा ढीग संपला नसता.

तिसरा ढीग थोडक्यात. बटण दाबून बंद केलेल्या या वेळा होत्या आणि त्यांत संगणक कोसळलाच नव्हता. कन्व्हर्टर कधी एका यूएसबीत तर कधी दुसऱ्यात लावला जायचा, दरवेळी विंडोज त्याला वेगळा कॉम क्रमांक, म्हणजे सीरियल पोर्टचा क्रमांक, द्यायची आणि काट्याचं सॉफ्टवेअर जुन्या क्रमांकावर वाट बघत अडकून बसायचं. समोर रांग असताना मुलाला बटण दाबण्यापलीकडे काय सुचणार? वायर कायमच्या कॉम१ वर आल्यावर हा ढीग आपोआप संपला. फास्ट स्टार्टअप तेवढं बंद केलं, म्हणजे रात्री ‘शट डाउन’ केल्यावर कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, पुढच्या वेळी खरोखर कोरा सुरू होतो, आदल्या दिवशीची स्थिती डिस्कवरून परत आणली जात नाही.

शेवटी ‘डिस्म’ने प्रणालीच्या फाइलींची दुरुस्ती आणि मग ‘एसएफसी’ने तपासणी केली. इतक्या वेळा अर्ध्यात वीज गेलेल्या यंत्रावर ते करावंच लागतं आणि त्याच क्रमाने, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या प्रती उचलते तो डिस्म आधी नीट करते. काट्याच्या सॉफ्टवेअरची फाइलही दुरुस्त करून घेतली. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त ४१, १००१ (विंडोज कोसळल्याची नोंद) आणि ६००८ (अचानक बंद झाल्याची नोंद) या क्रमांकांची एक वेगळी यादी बनवून मुलाला दाखवली. तो आता दर शनिवारी ती उघडतो. हातपावतीची पद्धत शेठनी बंद केली नाही, शेतकऱ्यांनाच ती आवडली.

ऑफिसात हिशोबाचा दुसरा संगणक आहे, सातव्या पिढीचा, म्हणजे विंडोज ११ च्या नियमात न बसणारा. नियम डावलून त्यावर ती चढवण्याच्या युक्त्या फिरत असतात, पण हिशोबाच्या यंत्रावर मी ते करणार नाही असं शेठना सांगितलं आहे. त्या यंत्राला हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं डोंगल, म्हणजे परवान्याची यूएसबी किल्ली, लागतं आणि त्या डोंगलचा ड्रायव्हरही जुनाच आहे. हंगाम संपेपर्यंत ते यंत्र इंटरनेटपासून तोडून फक्त हिशोबापुरतं ठेवलं आहे. नवं यंत्र उन्हाळ्यात घ्यायचं ठरलं असून, तोवर डोंगलवाल्याकडून विंडोज ११ साठी सही केलेला ड्रायव्हर मागवला आहे. तो हातात आल्याशिवाय यंत्राची ऑर्डर द्यायची नाही, एवढं शेठनी माझ्याकडून लिहून घेतलं आहे.